लेकी बोले, भिडू लागे

नानांना सरळ प्रश्न विचारला तर सरळ उत्तर मिळत नाही. फोनवर "नाना, घरी आहात का?" म्हटलं की पलीकडून येतं, "का? कोण आलंय?" चहा विचारला तर "दूध उतू गेल्याचा वास येतोय" असं म्हणून खुर्चीत नीट मांडी ठोकून बसतात. म्हणजे घेणार, आणि आलं घातलेला. मूळचे राजापूरचे. राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण कधी येईल आणि किती दिवस राहील हे कोणी छातीठोक सांगत नाही. नानांच्या बोलण्यातला मुद्दा त्याच नियमाने प्रकट होतो. त्यात नोकरी ऑडिटमध्ये. 'पैसे खाल्ले' एवढंच म्हणायचं असताना 'सदर खर्चाचे प्रयोजन स्पष्ट होत नाही' असं लिहिण्यात ३६ वर्षं गेली.

असा माणूस १९७९ साली तीन वर्षांच्या बदलीवर चंदिगडला आला आणि इथलाच झाला. भोवती सगळा पंजाब. 'रोटी खाके जाना' याचा अर्थ रोटी खाऊन जायचं, दुसरा कुठलाही नाही, असं मानणारी माणसं. नानांना हे पहिली दहा वर्षं खरंच वाटेना. जेवायला थांबा म्हणाले की ते चप्पल शोधायला लागत.

मी बँकेच्या बदलीवर इथे आलो. पहिल्याच गणपतीत आरतीच्या गर्दीत मागून कोणीतरी विचारलं, "पत्ते येतात?"

"झब्बू येतो. मेंढीकोट येतो."

"म्हणजे हुकूम कळतो. मंगळवारी सात वाजता."

मागे वळून पाहीपर्यंत ते गृहस्थ प्रसादाच्या रांगेत पोचलेही होते. ते नाना. त्यांच्या मंगळवारच्या ब्रिजच्या चौकडीतला चौथा गडी दिल्लीला मुलाकडे राहायला गेला होता आणि नाना आरतीत एकेकाची पाठ पाहत माणूस हेरत होते.

सेक्टर २२ मधलं त्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे. जिना चढून जाताना नाना पाहुण्याला शहराची ओळख करून देतात, ती अशी. जुन्या सेक्टरांपैकी वरच्या रांगांतला एक घ्या आणि त्याच्या बरोबर दक्षिणेचा सेक्टर त्यात मिळवा. ४ आणि ९, तेरा. ९ आणि १७, सव्वीस. १७ आणि २२, एकोणचाळीस. "एका खेळाडूचे पत्ते तेरा, जोडीचे सव्वीस, आणि आपले सोडून बाकी तिघांचे एकोणचाळीस. आता मला सांगा, हे शहर आखणारा कॉर्ब्युझिए पत्ते खेळत नव्हता?" बेरजा खऱ्या आहेत, मी नकाशा घेऊन पडताळल्या. गंमत म्हणजे सगळं शहर तेराच्या पाढ्यात बसवून तेरा नंबरचा सेक्टर मात्र ठेवलाच नव्हता. २०२० मध्ये कडेच्या मनीमाजरा गावाला सेक्टर १३ हे नाव मिळालं. नानांना ते पसंत नाही. हरवलेला पत्ता दुसऱ्या कॅटातून आणून घातल्यासारखं वाटतं, म्हणतात.

पाहुणा रविवारपर्यंत टिकला तर त्याला कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये नेऊन तो प्रसिद्ध उघडा हात दाखवतात. २६ मीटर उंच, ५० टन वजनाचा, १९८५ साली उभा केलेला. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठी उघडा, असं कॉर्ब्युझिएचं म्हणणं. वारा सुटला की तो फिरतो. ब्रिजमध्ये ज्याचे पत्ते टेबलावर उघडे मांडतात त्याला डमी म्हणतात. "जगातला सर्वांत मोठा डमी," नाना सांगतात, "आणि बघा, भिडूसारखा वारा येईल तिकडे तोंड करतो." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढे कर्नलसाहेब असतात.

आता कर्नलसाहेब. सहा फूट दोन इंच, पिकलेली दाढी, तोफखान्यातून निवृत्त. तोफ डोंगराच्या अलीकडे असते, गोळा पलीकडे पडतो, ज्यावर मारा करायचा ते दिसतही नसतं. आडून मारणं हा ज्यांचा धंदा, तो माणूस पत्त्यांत इतका सरळ कसा, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. इस्पिक म्हणाले की हातात इस्पिक असतं. पास म्हणाले की काही नसतं. चेहऱ्यावरही तेच लिहिलेलं असतं. नानांचे ते बावीस वर्षांचे भिडू. चौथे आमचे बंगाली प्रोफेसर, विद्यापीठातून निवृत्त झालेले, माझे भिडू. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या बंगाली जोडीने ब्रिजचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा प्रोफेसरांनी स्वतःच जिंकल्यासारखे संदेश वाटले होते. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे. "तुम्ही आठ वर्षं उशीर केलात," एवढंच नानांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांना म्हणाल्या आणि संदेशाचा डबा आत घेऊन गेल्या. ही गोष्ट मी इथे यायच्या आधीची. काकूंनीच सांगितली, दोनदा.

नानांचं खरं प्रेम ब्रिजवर नाही, क्यूबिडवर आहे. ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्यांना येतो त्यांनी माझ्या चुका काढाव्यात, त्यांना नाहीतरी तोच नाद असतो. १९२५ साली हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर जुन्या ब्रिजची गुणपद्धत बदलली आणि आजचा काँट्रॅक्ट ब्रिज झाला. डाव सुरू व्हायच्या आधी लिलाव होतो: कोण किती हात करणार आणि हुकूम कुठला. भिडूला पत्ते दाखवता येत नाहीत, खुणा करता येत नाहीत, खाकरलं तरी समोरचे भुवया उंचावतात. बोलायला शब्द मोजून पंधरा: एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकमी, पास, डबल, रिडबल. एवढ्याशा शब्दकोशात तेरा पत्त्यांचं वर्णन करायचं. साहजिकच एकेका शब्दाला दोन-दोन पाळ्या कराव्या लागतात.

समजा प्रतिस्पर्ध्याने 'एक चौकट' म्हणून सुरुवात केली. तुमच्या भिडूने त्यावर 'एक इस्पिक' चढवलं. हा ओव्हरकॉल. पुढचा पास. आता तुमच्याकडे इस्पिकची तीन पानं आहेत आणि हातही भरभक्कम आहे. काय म्हणाल? साधा माणूस म्हणेल 'तीन इस्पिक'. पण आजच्या रिवाजात असली उडी दुबळ्या हाताने मारायची असते, चार हुकूम धरून आणि बाकी रिकामं, समोरच्यांची वाट अडवायला. हात चांगला असेल तर ओरडायचं नाही, आडून बोलायचं. 'दोन चौकट' म्हणायचं. शत्रूचाच रंग! हीच क्यूबिड. चौकट तर त्यांच्याकडे आहे, आपल्याला त्यात खेळायचं कधीच नसतं, म्हणजे तो शब्द रिकामा पडलेला. त्याला कामाला लावायचं. अर्थ असा: भिडू, तुझं इस्पिक मला पसंत आहे, माझ्याकडे दहा किंवा जास्त गुण आहेत, तुझा हात बेताचा असेल तर दोन इस्पिकवर थांब, बरा असेल तर पुढे चल. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, असे अख्ख्या कॅटात चाळीस गुण असतात. त्यातले दहा म्हणजे आपला वाटा पुरा.

नाना या युक्तीबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज भरून येतो. "बघा, जो दुबळा तो ओरडतो. ज्याच्याकडे माल आहे तो शेजाऱ्याचं नाव घेऊन गप्प बसतो. आमच्या ऑफिसात अगदी असंच होतं."

पण एवढ्यावर भागत नाही. नानांची एक वही आहे, सरकारी, तांबड्या पाठीची, वर सुवाच्य अक्षरात 'क्यूबिड: अर्थनिर्णय'. शत्रूचा रंग सांगण्याचे त्यात सहा अर्थ आहेत. भिडूच्या ओव्हरकॉलला दिलेला पाठिंबा हा पहिला. भिडूने लिलाव उघडला आणि मधे समोरच्यांनी ओव्हरकॉल घातला, तर त्यांचा रंग सांगून भिडूच्या रंगाला दिलेला पाठिंबा हा दुसरा, पहिल्याचा चुलतभाऊ. समोरच्यांनी उघडल्या उघडल्या त्यांचाच रंग सांगितला तर त्याचं नाव मायकल्स, फ्लोरिडाच्या माइक मायकल्सवरून. म्हणजे माझ्याकडे पाच-पाच पानांचे दोन वेगळे रंग आहेत. पूर्वी याच बोलीचा अर्थ 'हात इतका जबरदस्त आहे की डाव करायचाच' असा होता. नानांनी ती नोंद खोडलेली नाही, समोर 'कालबाह्य, परंतु कर्नलसाहेबांना हीच आठवते' असा शेरा आहे. मग बिनहुकमी खेळायचं तर त्यांचा रंग तू अडवू शकतोस का, हे विचारणारी क्यूबिड. आणि शेवटी स्लॅमच्या, म्हणजे बारा-तेरा हात करायच्या, वाटेवर 'या रंगात माझा एक्का आहे' सांगणारी. शब्द एकच. कुठला अर्थ घ्यायचा हे आधी कोण काय म्हणालं, कोण काय म्हणालं नाही आणि भिडूचं डोकं त्या दिवशी कुठे आहे यावर ठरतं.

वहीची अकरा पानं झेरॉक्स करून नानांनी कर्नलसाहेबांना दिली होती. त्यांनी ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवली. पुन्हा काढली नाहीत.

आता तो डाव. क्लबातली महिन्याची डुप्लिकेट स्पर्धा. डुप्लिकेटमध्ये तेच पत्ते सगळ्या टेबलांवर फिरतात, त्यामुळे 'पानं वाईट आली' ही मराठी माणसाची पिढीजात सबब चालत नाही. त्या फेरीत नाना-कर्नल आमच्यासमोर आले. प्रोफेसरांनी बोलीच्या कार्डांच्या पेटीतून 'एक चौकट'चं कार्ड काढून ठेवलं. कर्नलसाहेबांनी 'एक इस्पिक'. मी हिरवं पासचं कार्ड. नानांनी क्षणभर डोळे मिटले, देवाला निरांजन ओवाळावं तसं कार्ड उचललं आणि टेबलावर ठेवलं: दोन चौकट.

नियम असा की तुमच्या बोलीचा अर्थ तुम्ही सांगायचा नाही, भिडूने सांगायचा. बोली नानांची, भाष्य कर्नलचं. प्रोफेसरांच्या हातात एक्का-राजा-राणी धरून पाच चौकट. त्यांनी चष्म्यावरून पाहत कर्नलसाहेबांना विचारलं, "याचा अर्थ?"

"अर्थ क्या? नानाजी के पास चौकट है."

नाना दगड झाले. बोलायची सोय नाही. कान तेवढे लाल. प्रोफेसरांचा पास. कर्नलसाहेबांनी आपल्या हातातली तीन बारीक चौकट पाहिली, मान डोलावली, पाच आणि तीन आठ झाली म्हणाले असतील मनात, आणि पास. माझाही पास, मी तर आनंदाने दिला. लिलाव संपला. चुकीचं भाष्य झालं असेल तर ज्यांना डाव खेळायचा आहे त्यांनी शेवटच्या पासनंतर, पहिलं पान पडायच्या आधी, खुलासा केलाच पाहिजे असा कायदा आहे. नानांनी तो केला. चार मिनिटं. प्रोफेसरांनी "धन्यवाद" म्हणून पान टाकलं. कर्नलसाहेबांनी डमी मांडला: इस्पिकचा एक्का, गुलाम, नव्वी, अठ्ठी, पंजी. नानांच्या हातात राणी, दश्शी, चव्वी, शिवाय बदामचा एक्का-राजा. आणि दोन चौकट. दोन्ही मिळून पाच हुकूम, आमच्याकडे आठ.

तीन हात बुडाले. उणे १५०. बाकीच्या टेबलांवर हीच पानं घेऊन लोकांनी चार इस्पिक करून ४२० मिळवले होते.

घरी येताना गाडीत मी मागच्या सीटवर होतो. सुखना तलावापासून सेक्टर २२ पर्यंत कोणी बोललं नाही. मग जिन्याखाली नाना म्हणाले, "कर्नलसाहेब, हवा थंड झालीय." याचा अर्थ मला कळला. कर्नलसाहेबांनी खिडकीची काच वर केली.

तरी काकूंनी त्यांना वर बोलावलं. पोहे केले होते. पोह्यांवर नानांनी पुन्हा सुरुवात केली: ओव्हरकॉल, पाठिंबा, दहा गुण, रिकामा पडलेला शब्द, पान सहा, परिच्छेद दोन. कर्नलसाहेब घासागणिक "हां जी, हां जी" करत होते, म्हणजे काही शिरत नव्हतं. काकू शेव वाढता वाढता थांबल्या. आयुष्यात पत्ता हातात न धरलेली बाई. म्हणाल्या, "अहो, एवढं काय? लेकी बोले सुने लागे." आणि मग हिंदीत, आपल्या त्या राजापुरी हिंदीत, "भाईसाब, बेटी को बोलने का, बहू को सुनाने का."

कर्नलसाहेबांचा चमचा खाली आला. "धीए गल कर, नूंहे कन्न कर!" ते ओरडले. पंजाबीतही म्हण तीच: पोरी, तुझ्याशी बोलते, सुनबाई, कान दे. "भाभीजी, मेरी बीजी ने तीस साल मेरी वाइफ से ऐसे ही बात की. तीस साल! मैं रोज क्यूबिड सुनता था, मुझे पता ही नहीं चला." चौकट ही लेक. इस्पिक ही सून. त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. राजापूरचा देह तो, पोह्यांच्या बशीसह पुढे गेला.

नाना त्या रात्री गप्प होते. बावीस वर्षं आणि अकरा पानं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला शेवेची वाटी. काकूंना त्यांनी काहीच म्हटलं नाही. मात्र वहीत पहिल्या अर्थासमोर बारीक अक्षरात 'ले. बो. सु. ला.' असं लिहिलेलं मी नंतर पाहिलं.

गोष्ट इथे संपती तर नाना सुखी झाले असते. पुढच्या महिन्यात पुन्हा डुप्लिकेट. या वेळी नानांनी उघडलं: एक बदाम. समोरच्याने चढवलं: दोन किलवर. कर्नलसाहेबांकडे बदामची चार चांगली पानं, अकरा गुण आणि किलवरचं एकच पान, दुर्री. त्यांचा चेहरा पाहायला हवा होता. मी शेजारच्या टेबलावर डमी होतो म्हणून पाहू शकलो. लग्नाच्या वरातीत घोड्यापुढे नाचायला निघालेल्या काकाचा चेहरा. त्यांनी कार्ड ठेवलं: तीन किलवर. बावीस वर्षांतली पहिली क्यूबिड, आणि निर्दोष. वहीतला अर्थ दुसरा, शब्दशः.

नानांनी विचार केला. फार विचार केला. समोर कर्नल आहे. या माणसाने किलवर म्हटलं की याच्याकडे किलवर असतं, सूर्य पूर्वेला उगवतो तसं. गेल्या बावीस वर्षांत एकदाही हा आडून बोललेला नाही. तेव्हा भिडूचा स्वभाव लक्षात घेता ही बोली सरळच समजली पाहिजे. नानांनी पास केलं.

एका हुकमावर कर्नलसाहेब डाव खेळले. डमीत आणखी दोन. पाच हात बुडाले, उणे २५०. एवढं होऊनही गडी चिडला नाही. पत्ते खाचेत घालताना शांतपणे म्हणाला, "नानाजी, बहू बहरी हो गई क्या?"

वहीत आता सात अर्थ आहेत. सातवा: 'क्वचित प्रसंगी, खरोखरच तो रंग.' त्यासमोर तारीख आहे आणि 'निरीक्षण प्रलंबित' असा शेरा. नानांच्या मते त्यांचा पास चुकलेला नाही. कर्नलसाहेबांनी सुधारण्याआधी लेखी पूर्वसूचना द्यायला हवी होती.

माझी आता नागपूरला बदली झाली आहे. चंदिगडला येणाऱ्या मराठी माणसाला म्हणून सांगून ठेवतो. गणपतीच्या आरतीत मागून कोणी पत्ते येतात का विचारलं तर हो म्हणा. ब्रिज येत नसेल तरी चालेल, मेंढीकोट पुरतो. सेक्टर २२, वरचा मजला, मंगळवार, सात वाजता. काकूंनी "जेवूनच आला असाल" म्हटलं तर घाबरू नका, ताट वाढलेलं असतं.